आजोबांच्या पेटीतली लाल नोट, आणि मस्कत नेमकं आहे तरी काय?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायला कारण मिळालंय. दाभोळच्या घराचा माळा साफ करायला काढला (निसर्ग वादळात कौलं गेली तेव्हापासून डागडुजीच चाललीये) तर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आजोबा आगबोटीवर भंडारी होते. जातीने नव्हे हो, कामाने, बोटीवर स्वैपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, दर वेळी हे सांगावं लागतं. पेटीत एक अडकित्ता, चार बटणं, आणि वहीत दुमडून ठेवलेली एक रुपयाची नोट. पण लाल! लिहिलंय भारत सरकार, रुपया आपलाच, नंबरच्या आधी इंग्रजी झेड. असली नोट घरात कोणीच पाहिलेली नाही.

दुसरं म्हणजे माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी मस्कतला लागला, लवकरच आईला घेऊन मी जातेय. आजोबा मस्कतच्या दोन गोष्टी नेहमी सांगायचे. एक, तिथे रात्री तोफ वाजली की गावाचे दरवाजे बंद आणि मग हातात कंदील नसेल तर शिपाई धरून नेतो. दोन, बंदराच्या कड्यांवर बोटींची नावं रंगवलेली आहेत. आम्ही पोरं हसायचो, म्हातारा थापा मारतो म्हणून. आता आई म्हणते जायच्या आधी विचारून घे, हे शहर आहे तरी कसं. ओमानची राजधानी आहे एवढं माहितीय, पुढे काही नाही. माहितगारांनी लिहा प्लीज.

फणसपोळी
नोट लाल म्हणजे दुसऱ्या धुण्याचा रंग लागला असेल 😄

रुवीतला_मालवणी
गो बाय, तुझ्या आज्यान सांगल्यान ता सगळा खरा आसा. (आता सरळ मराठीत लिहितो नाहीतर ॲडमिन ओरडतील.)

मी १४ वर्षं इथे आहे. पहिली गोष्ट ही डोक्यात ठेवा की मस्कत म्हणून जे विमानातून दिसतं ते एक गाव नाहीच, ती एक लांबडी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळेकुट्ट उघडे डोंगर, त्या डोंगरांच्या बेचक्यांत वस्त्या. खरं मस्कत, म्हणजे तटबंदीच्या आतलं जुनं, ते एवढंसं आहे की दाभोळच्या जेटीवरून बाजारपेठेतून चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात संपतं. तिथे आता सुलतानाचा अल आलम राजवाडा, सरकारी कचेऱ्या, म्युझियम, आणि दोन बाजूंना दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. माणसं राहतात ती इतर ठिकाणी. शेजारी मुत्रह, तिथे बंदर आणि जुना बाजार. डोंगराआड रुवी, तिथे आमच्यासारखे. मग पुढे बौशर, आणि सीब म्हणजे विमानतळाची बाजू. जुन्या मस्कतपासून सीबपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर सहज होतात. भावाला विचारा नेमका कुठे राहतो, कारण इथे प्रत्येक जण "मस्कतला" असतो.

डोंगरावर गवताची काडी नाही. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी रडू येतं. माझ्या आईला आलेलं. हिरवं काही दिसेना म्हणून नाही, "इथे पावसाचा वासच नाही रे" म्हणून.

गलबत_मास्तर
वाशिष्ठीकाठ, ती नोट जपून ठेवा. तिला गल्फ रुपया म्हणत. पूर्वी कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत सगळीकडे आपलाच रुपया चालायचा. मग झालं असं की भारतात सोनं महाग आणि आखातात स्वस्त, त्यामुळे सोनं चोरून इकडे यायचं आणि त्याच्या बदल्यात नोटांच्या थप्प्या तिकडे जायच्या, तिथल्या बँका त्या नोटा परत आपल्याकडेच पाठवून पौंड मागायच्या. म्हणजे परकीय चलनाच्या भांड्याला भोकच. म्हणून १९५९ साली आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. एकची लाल, पाचची केशरी, दहाची लाल, शंभरची हिरवी, नंबरच्या आधी झेड. भारतात त्या चालत नव्हत्या. हजला जाणाऱ्यांसाठी आणखी वेगळ्या, दहा आणि शंभरच्या, त्यांवर एचए अशी अक्षरं. तुमची झेड आहे म्हणजे आखाती.

कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा कतार, दुबईनेही सोडला. मस्कत मात्र १९७० पर्यंत चिकटून राहिलं. अजूनही ओमानी रियालचे सुटे पैसे बैसा, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच, अरबीत प नाही म्हणून ब झाला. एका रियालचे हजार बैसा.

फणसपोळी
मास्तर, ते सोनं चोरून "इकडे यायचं" म्हणजे नेमकं कुठे उतरायचं ते लिहा ना. आमच्याकडच्या दोन-तीन खाड्यांना विचारलंत तरी लाजतील.

(धुण्याच्या रंगाबद्दल माफी.)

नाणी_नोटा
नोट विकायची असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. योग्य किंमत.

वाशिष्ठीकाठ
विकायची नाही हो. आई तर आता ती देवघरात ठेवायला निघालीये.

खलाशी_७२
बाय, वाचून जुने दिवस आठवले. मी ७२ साली बोटीवर लागलो, आमच्या आधीच्या पिढीतले तुझे आजोबा असतील. मुंबईहून बोट सुटायची, कराची, ग्वादर, मस्कत, दुबई, बहरीन, बुशहर, कुवेत करत बसऱ्यापर्यंत. द्वारका नावाची बोट त्या लाइनीवर १९८२ पर्यंत होती. दारा पण त्याच लाइनीची, ती एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट होऊन गेली, २३८ माणसं गेली, आमचे सारंग (खलाशांचे मुकादम) ते नाव बोटीवर घेऊ द्यायचे नाहीत.

मस्कतला तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर नांगर टाकायचा आणि माणसं, पेट्या, बकऱ्या सगळं होडीत उतरवायचं, अगदी आपल्याकडे हर्णैला जसं पडावातून उतरायचे तसंच. मुत्रहचं नवीन बंदर झालं ७४ साली, मग सोय झाली. आता मालवाहू जहाजं तिथे येत नाहीत, सगळा माल सोहार बंदराला, मुत्रहला क्रूझवाले गोरे उतरतात.

आणि नावांचं म्हणशील तर मी स्वतः पाहिलीत. खाडीसारखा आत शिरलेला तो समुद्र, तिन्ही बाजूंना कडे, आणि कड्यांवर पांढऱ्या रंगात बोटींची नावं, कुठे एवढ्या उंचावर की वर गेला कसा न् रंगवलं कसं. इंग्रजांच्या आरमारी बोटी यायच्या, खलाशी रिकामे, साहेब म्हणायचा जा नाव लिहून या. सुलतान म्हणे त्याला आपलं व्हिजिटर बुक म्हणायचा. काही अजून दिसतात.

रुवीतला_मालवणी
दिसतात चाचा, पुसट झालीत पण दिसतात.

गलबत_मास्तर
कंदिलाचंही खरं. सूर्यास्तानंतर तीन तासांनी मिरानी किल्ल्यावरून तोफ व्हायची, वेशीचे दरवाजे बंद, त्यानंतर कंदील न घेता फिरणं गुन्हा. हे कुठल्या मध्ययुगात नाही, १९७० पर्यंत! तेव्हाचा सुलतान सईद बिन तैमूर १९५८ पासून तिकडे हजार किलोमीटरवर सलालाला जाऊन बसला तो मस्कतला परत आलाच नाही, तिथून वायरलेसवर राज्य. तेल १९६७ पासून निर्यात होत होतं तरी देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. जलाली किल्ला म्हणजे तुरुंग. २३ जुलै १९७० ला मुलगा काबूस याने बापाला हटवलं आणि देशाचं नावही बदललं, आधी "मस्कत आणि ओमान" होतं ते नुसतं ओमान झालं. त्या नावातला "आणि" महत्त्वाचा आहे बरं का. किनाऱ्यावरचं मस्कत सुलतानाचं आणि डोंगरापलीकडचं ओमान इमामाचं (म्हणजे तिथल्या धार्मिक पुढाऱ्याचं), अशी दोघांची ओढाताण शतकानुशतकं चाललेली. आपल्याकडे खालाटी आणि वलाटी म्हणतो ना तसं, फक्त तिकडे बंदुका होत्या.

काबूस जवळजवळ ५० वर्षं राहिले, जानेवारी २०२० मध्ये वारले, आता हैथम.

पेजभात
छान माहिती पण एक शंका, ते दोन किल्ले अरबांचे ना? एका व्हिडिओत म्हणाले पोर्तुगीजांनी बांधले. काहीही ठोकून देतात. पोर्तुगीज गोव्यात, वसईत, तिकडे कशाला जातील?

गलबत_मास्तर
पेजभात, व्हिडिओ बरोबर आहे. आणि दाभोळची बाई मस्कतबद्दल विचारतेय म्हटल्यावर हे लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही, तेव्हा मोठं होईल, सांभाळून घ्या.

दाभोळ आणि मस्कत ही जुनी सोयरी आहेत. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्याकडे चौलला उतरला, बहामनी मुलुखात फिरला आणि १४७२ च्या सुमाराला परत जायला बोट धरली ती दाभोळहून. आधी भरकटत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला, तिथून बारा दिवसांत मस्कत, तिथे त्याने ईस्टर पाळला आणि मग होर्मुझ, म्हणजे आखाताच्या तोंडावरचं बंदर. म्हणजे तेव्हा दाभोळहून मस्कतकडे जाणं ही रोजची वाट होती. घोडे इकडे यायचे, आपलं कापड, मसाला तिकडे.

मग पोर्तुगीज आले. १५०७ साली अल्बुकर्कने मस्कत जाळलं. मशीद जाळली, गोदीतली गलबतं जाळली, धरलेल्या माणसांची नाक-कान कापून सोडून दिली. पुढच्याच वर्षी चौलच्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला, त्याचा सूड घ्यायला दीवकडे जाता जाता आल्मेदा वाटेत दाभोळला वळला आणि डिसेंबर १५०८ च्या शेवटी दाभोळ जाळलं, बाया-पोरं बघितली नाहीत. दीड वर्षाच्या आत समुद्राच्या दोन टोकांची दोन बंदरं, एकाच लोकांनी, एकाच तऱ्हेने. आपल्याकडे शाळेत दोन्ही शिकवत नाहीत.

मस्कत मग पोर्तुगीजांकडे जवळजवळ दीडशे वर्षं. मध्ये तुर्कांनी दोनदा येऊन धुतलं, १५५२ ला पिरी रईसने आणि १५८१ ला मीर अली बेगने. त्यानंतर पोर्तुगीजांना जाग आली आणि १५८० च्या दशकात बंदराच्या तोंडावर हे दोन किल्ले पक्के बांधले. १६२२ ला होर्मुझ हातचं गेल्यावर तर मस्कत हेच त्यांचं आखातातलं मुख्य ठाणं. शेवटी जानेवारी १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफने त्यांना हाकललं. वसई आपण घेतली १७३९ ला, म्हणजे ओमानी आपल्यापेक्षा ८९ वर्षं पुढे.

फणसपोळी
८९ वर्षं पुढे 😀 मास्तर दुखरी नस दाबतात.

पेजभात
चूक झाली. धन्यवाद सर. पण हाकललं कसं? किल्ले तर भक्कम म्हणता.

गलबत_मास्तर
त्याची एक गंमत ओमानी इतिहासकार इब्न रुझैक याने १९व्या शतकात लिहून ठेवलीय. मस्कतला एक हिंदू व्यापारी होता, नाव नरोत्तम असावं, अरबीत नरुत्तम. किल्ल्याला धान्य-दाणा तोच पुरवायचा. पोर्तुगीज किल्लेदाराचा त्याच्या मुलीवर डोळा. बाप आधी नाही म्हणाला, मग दमदाटी झाल्यावर हो म्हणाला, लग्नाच्या तयारीला मुदत मागितली, आणि त्या मुदतीत साहेबाला पटवलं की किल्ल्यातलं पाणी जुनं झालंय, टाक्या उपसून नवीन भरू, धान्याला किडे लागलेत, तोफांची दारू सर्द झालीये, सगळं बाहेर काढून नवीन भरू. बाहेर काढलं सगळं. आत काही भरलं नाही. आणि इमामाला निरोप गेला, आता या.

फणसपोळी
ही गोष्ट मला सिंहगडाच्या घोरपडीच्या जातीची वाटते.

गलबत_मास्तर
असेल. दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे, मी शपथेवर सांगत नाही. पण मस्कतला हिंदू व्यापारी तेव्हापासून आहेत हे नक्की, कच्छी आणि सिंधी भाटिये मुख्यतः. ओमानी लोक तेवढ्यावर थांबले नाहीत, पोर्तुगीजांच्या पाठीमागे लागून इकडे आले, १६६८ ला दीव लुटलं, १६७४ ला वसईला उतरून कोटाबाहेरची चर्चं लुटली. कोटाच्या आतले फिरंगी बघत बसले.

तांबडी_माती
मग झांझिबार (ते आफ्रिकेजवळचं बेट) कुठे येतं यात? माझा मित्र म्हणतो मस्कतची राजधानी झांझिबारला होती.

रुवीतला_मालवणी
होती, उलटंही म्हणता येईल. सईद बिन सुलतान नावाचा सुलतान होता, त्याचा जीव लवंगेत आणि (लपवायचं कशाला) गुलामांच्या व्यापारात, तो १८३०-४० च्या दरम्यान मुक्काम झांझिबारलाच घेऊन गेला. त्याची "सुलताना" नावाची बोट मुंबईत माझगावला बांधलेली, ती १८४० ला न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आली. १८५६ ला तो वारल्यावर दोन मुलगे भांडायला लागले, मस्कत एकाला झांझिबार एकाला, आणि वाटणी कोणी केली तर आपल्याकडच्या इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने, १८६१ ला. झांझिबारने मस्कतला वर्षाला तेव्हाचे ४०,००० चांदीचे डॉलर द्यायचे. तेव्हापासून मस्कत गरीब झालं ते तेल सापडेपर्यंत. माझ्या ऑफिसात शेजारी बसतो तो ओमानी घरी फोनवर स्वाहिली बोलतो, समोरचा बलुची बोलतो, आणि दोघं माझ्याशी हिंदीत. मुत्रहच्या बाजारात तर तुम्ही तोंड उघडायच्या आधी "आओ भाभी".

ग्वादरचं वर चाचांनी लिहिलंय, ते पण १९५८ पर्यंत मस्कतच्या सुलतानाचं होतं, मग पाकिस्तानला विकलं.

वाशिष्ठीकाठ
बापरे, मी नुसती नोट विचारली होती. आईला सगळं वाचून दाखवलं. ती मध्येच म्हणाली, म्हणजे एन्रॉनला ओमानचा गॅस यायचा होता तेव्हा हे आपले जुनेच ओळखीचे होते तर. (समोर अंजनवेलला प्रकल्प, तिला त्याचं सगळं पाठ आहे.) आता व्यवहाराचं सांगा, कधी जावं, काय बघावं, देऊळ आहे का?

रुवीतला_मालवणी
नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे-जूनमध्ये चुकूनही आणू नका. जून २०१८ मध्ये कुरय्यातला, म्हणजे मस्कतच्याच हद्दीत, एक अख्खा दिवसरात्र पारा ४२.६ च्या खाली उतरला नव्हता, जगाचा विक्रम आहे तो. पाऊस वर्षाकाठी चार थेंब, पण पडला की सुक्या वाद्यांना (वादी म्हणजे कोरडी नदी) लोंढा येतो. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं तेव्हा गाड्या वाहून गेल्या. सुक्या नदीत गाडी लावू नये हे इथे पोरांना पण कळतं, नव्या माणसाला कळत नाही.

देऊळ आहे, जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या जवळच मोतीश्वर महादेव, शिवरात्रीला रांग बघा. २०१८ ला पंतप्रधान येऊन गेले. मोठी मशीद सकाळी बघायची, डोक्यावर ओढणी, पूर्ण बाह्या, शुक्रवारी बाहेरच्यांना बंद. २००१ ला पूर्ण झाली, दगड भारतातला, ३ लाख टन. आतला गालिचा एकसंध, ७० बाय ६० मीटर, २१ टन, इराणी बायकांनी चार वर्षं विणला. आईंना बसायला लावा तिथे पाच मिनिटं.

खलाशी_७२
आणि हलवा खा. मस्कती हलवा म्हणून मुंबईत जो मिळतो तो नाही, तिथला काळसर, गुलाबपाणी-केशराचा, चमच्याने खातात, वर कडू कावा, म्हणजे अरबी कॉफी.

वाशिष्ठीकाठ
(दोन महिन्यांनी) जाऊन आलो मंडळी. उशीर झाला लिहायला.

मुत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्याने चालत चालत भाऊ जुन्या मस्कतकडे घेऊन गेला. राजवाड्याच्या मागे पाण्याच्या काठाला उभं राहिलं की डावीकडे मिरानी, उजवीकडे जलाली, मधे छोटंसं हिरवं पाणी. एवढंच बंदर! या एवढ्याशासाठी तुर्क, फिरंगी, इराणी भांडले. आई म्हणाली आपली वाशिष्ठी याच्यापेक्षा रुंद आहे. खडक असे की कोणी भाजून ठेवलेत. आणि कड्यावर नावं होती. उन्हात डोळे बारीक करून एक-दोन अक्षरं लागत होती, पुरतं नाव एकही वाचता आलं नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बाबांच्या बोटीचं असेल का. भाऊ म्हणाला प्रवासी बोटींचे खलाशी लिहायचे की नाही काय माहीत. तिने ऐकलंच नाही.

लाल नोट बरोबर नेली होती तिने, मला न सांगता, पर्समध्ये. मुत्रहच्या बाजारात जुन्या नाण्यांचं दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्याला दाखवली. त्याने हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि हिंदीत म्हणाला, याला आम्ही लहानपणी नुसतं रुपया म्हणायचो, याचा खजूर यायचा. परत दिली. पैसे किती देतो वगैरे काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही.

फणसपोळी
आणलंत काय तिकडून?

वाशिष्ठीकाठ
हलवा दोन किलो. आणि मासळी बाजारात आईने सुकी मुशी बघितली, वास घेऊन बघितली, भाव केला, आणि घेतली. मस्कतहून दाभोळला सुकी मुशी. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा मी लांब जाऊन उभी राहिले.